मुळा, किमची आणि म्हातारपणची पुंजी

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक गट व महिला मंडळाच्या संयुक्त कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलायला तीन जणांनी सांगितलं आणि तिघांनी तीन विषय दिले. बागकाम समिती म्हणाली, गच्चीवरच्या कुंड्यांबद्दल बोला. महिला मंडळ म्हणालं, ती कोरियन किमची कशी करायची ते एकदाचं सांगा, नातवंडं जीव खातायत. आणि खजिनदार म्हणाले, ताई, तुम्ही पोस्टात अल्पबचतीच्या काउंटरवर इतकी वर्षं काढलीत, निवृत्तीनंतरच्या पैशाबद्दल चार शब्द बोला, लोकांना गरज आहे. वेळ दिली ती मात्र एकाच भाषणाची. म्हणून तिन्ही एकत्र सांगते. नाही तरी आपल्या घरात हे तिन्ही एकाच ओट्यावर चालू असतं. मुळ्याची भाजी निवडताना आपण व्याजाचाच हिशोब करत असतो!

आधी मुळा. कारण तो पेरल्याशिवाय पुढचं काही नाही.

पुण्याच्या हवेत गच्चीवर मुळा लावायचा तर ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ उत्तम. कुंडी किंवा ग्रो-बॅग निदान बारा इंच खोल हवी. मुळा खाली जातो, त्याला आडवी जागा नको, उभी हवी. माती एक भाग, कोकोपीट एक भाग आणि चांगलं कुजलेलं खत एक भाग. बी थेट कुंडीतच पेरायचं; रोप करून हलवलं की मुळ्याला फाटे फुटतात. पुसा चेतकी जातीचा मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत काढायला येतो आणि तो उन्हाळ्यातही जमतो. काढायला उशीर केलात तर आत जाळी पडते आणि चवीला तिखट लागतो. सोबत एका कुंडीत मिरची, एकीत कांद्याची पात. पातीसाठी वेगळं बी आणू नका, टोपलीत कोंब आलेले कांदे असतातच, ते खोचा. मावा पडला तर एक लिटर पाण्यात पाच मिलि कडुनिंबाचं तेल आणि थेंबभर भांड्यांचा साबण. फवारणी संध्याकाळी. उन्हात फवारलं तर पानं भाजतात.

आता गच्चीबद्दल थोडं स्पष्ट बोलते. वरच्या मजल्यावरचे लोक माझ्याकडे बघतायत, मला कळतंय. ओली माती फार जड असते. एक घनमीटर ओल्या मातीचं वजन दीड टनाच्या पुढे जातं. म्हणून नुसती माती भरू नका, कोकोपीट घाला. कुंड्या जमिनीवर न ठेवता स्टँडवर ठेवा, म्हणजे खाली पाणी साचत नाही आणि वॉटरप्रूफिंगला चीर गेली तर दिसते. मोठे पिंप आणि मोठ्या कुंड्या स्लॅबच्या मधोमध न ठेवता कडेला, तुळईच्या वर ठेवा. कठड्यात पिंपळाचं रोप दिसलं तर दोन पानांचं असतानाच काढा. त्याला पाणी घालून पुण्य मिळवायला ही जागा नव्हे.

आणि एक हिशोब. मी वही ठेवते, ही पोस्टातली सवय. बागेतून माझी महिन्याची भाजी वाचते ती तीनशे-चारशे रुपयांची. म्हणजे बागेने कोणी श्रीमंत होत नाही. बाग करायची ती सकाळी उठायला कारण हवं म्हणून, गुडघे वाकते राहावेत म्हणून, आणि ओला कचरा गेटबाहेर जाऊ नये म्हणून.

आता किमची.

बी विंगमध्ये दोन वर्षं एक कोरियन कुटुंब भाड्याने राहत होतं, तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. नवरा नगर रस्त्याकडच्या एका कारखान्यात होता. बायकोला इंग्रजी बेताचं, मराठी शून्य, मला कोरियन शून्य. पण ओट्याजवळ दोन बायका उभ्या राहिल्या की भाषेचं फारसं अडत नाही. तिच्याकडून मी कळलेला पहिला शब्द ‘इमो’. इमो म्हणजे मावशी, आईची बहीण. पण तिकडे खानावळीतल्या वाढणाऱ्या बाईलाही लोक इमो म्हणतात, जसं आपण भाजीवालीला मावशी म्हणतो. त्या दिवसापासून मला ते लोक परके वाटेनात.

किमची म्हणजे एक पदार्थ नव्हे. आपल्या ‘लोणचं’ या शब्दासारखा तो एक प्रकार आहे. टीव्हीवर दिसते ती लांबट चायनीज कोबीची. पण मुळ्याच्या फोडींचीही करतात, तिला काक्तुगी म्हणतात. आपल्याकडे कोबी महाग आणि मुळा मुबलक, म्हणून मी मुळ्याचीच सांगते. लिहून घ्या.

एक किलो मुळा. सोलून पाऊण इंचाच्या चौकोनी फोडी करा. दीड मोठा चमचा जाडं मीठ लावून अर्धा तास ठेवा. पाणी सुटेल ते निथळून टाका. एक चमचा तांदळाची पिठी अर्धी वाटी पाण्यात शिजवून पातळ खळ करा आणि गार होऊ द्या. त्यात लसणाच्या दहा पाकळ्या ठेचून, इंचभर आलं किसून, एक चमचा साखर आणि तीन मोठे चमचे तिखट. तिखट ब्याडगीचं, आणि अगदी बारीक दळलेलं नको, जरा भरड. कोरियन मिरचीपूड रंगाला लाल आणि तिखटाला बेताची असते, त्याच्या जवळ जाणारी आपली ब्याडगीच. हे सगळं मुळ्याला चोळा, वरून कांद्याची पात चिरून घाला. मासे खाणारे लोक त्यात खारवलेली बारीक कोळंबी घालतात. ती म्हणजे आपल्या जवळ्याचीच भाऊबंद. चिनीमातीच्या किंवा काचेच्या बरणीत पाऊण भरा, काठोकाठ नको, कारण ती फसफसते. हिवाळ्यात दोन दिवस, मे महिन्यात एकच दिवस बाहेर ठेवा. रोज एकदा झाकण उघडून वाफ जाऊ द्या आणि फोडी रसात दाबा. मग फ्रिजमध्ये. आठवड्याने खरी चव येते.

लोणच्यात आणि हिच्यात फरक एवढाच की हिच्यात तेल नाही. लोणचं तेला-मिठावर टिकतं. किमची आंबते, आपल्या इडलीच्या पिठासारखी, आणि त्या आंबण्यातल्या आम्लामुळे टिकते. मात्र मीठ भरपूर असतं. रक्तदाबवाल्यांनी चार फोडींवर थांबावं, वाटीभर घेऊ नये. हे मी समोरच्या रांगेकडे बघून बोलते आहे.

मुळ्याचा पालाही टाकायचा नाही. तिकडे तो वाळवून ठेवतात आणि थंडीत सूपात शिजवतात. आपण त्याची डाळ घालून भाजी करतो. म्हणजे काटकसर दोन्हीकडे सारखीच.

कोरियात हिवाळ्याच्या तोंडाशी घरोघर वर्षाची किमची घालतात. त्याला किमजांग म्हणतात. एकट्या बाईचं ते काम नाही. शेजारणी, जावा, नणंदा, मुली सगळ्या जमतात, शेकड्याने कोबीचे गड्डे खारवतात आणि जाताना प्रत्येकीच्या हातात डबा असतो. पूर्वी मातीचे रांजण जमिनीत पुरत, म्हणजे थंडीत ते गोठत नसत आणि आंबण्याचा वेगही बेताचा राही. आता फ्लॅटमध्ये किमचीसाठी वेगळा फ्रिज असतो. २०१३ मध्ये युनेस्कोने दक्षिण कोरियाचं किमजांग आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. पदार्थापेक्षा ते एकत्र जमून करणं आणि वाटणं, हे त्यांनी महत्त्वाचं मानलं. आपल्या चाळीत उन्हाळ्यात पापड-कुरडया व्हायच्या, तेच हे. आपण ते सोडलं, त्यांनी धरून ठेवलं.

इथून मी खजिनदारांच्या विषयाकडे वळते.

कोरियात बायकांची आणखी एक जुनी पद्धत आहे. दहा-बारा जणी दर महिन्याला ठरावीक रक्कम जमा करतात आणि दर महिन्याला एकीला सगळी रक्कम मिळते. तिला ‘के’ म्हणतात. तुम्ही हसताय, कारण तुम्ही सगळ्या भिशीत आहात! हो, भिशीच ती. आणि भिशीचे गुणदोषही तेच. ओळखीच्या माणसांत ती उत्तम चालते, शिस्त लावते. पण गोळा करणारी पळाली की सगळं बुडतं, तिकडेही तसं झालेलं आहे. म्हणून भिशी मिक्सरसाठी, सोफ्यासाठी ठीक आहे. म्हातारपण भिशीवर ठेवू नये.

आता जे सांगते ते मुलांना मालिकांमधून दिसत नाही. चकचकीत रस्ते, सुंदर कपडे, मोठमोठ्या कंपन्या, हे सगळं खरं आहे. पण विकसित देशांच्या गटात म्हाताऱ्या माणसांची गरिबी सगळ्यात जास्त कुठे, तर दक्षिण कोरियात. तिथे ज्येष्ठांपैकी सुमारे ४० टक्के लोक सापेक्ष गरिबीत मोडतात. सोलच्या रस्त्यांवर सत्तर-ऐंशीच्या घरातले आजी-आजोबा ढकलगाडीवर पुठ्ठे गोळा करून विकताना दिसतात. असं का झालं? त्या पिढीने देश उभा केला, मिळालं ते मुलांच्या शिक्षणावर घातलं, आणि मुलं बघतील असं धरून चालले. राष्ट्रीय पेन्शन योजना सुरू झाली १९८८ मध्ये, आणि ती सगळ्यांपर्यंत पोहोचायला १९९९ उजाडलं. तोवर यांची कमावती वर्षं संपत आली होती. मुलं वाईट नव्हती. त्यांच्याच घराचे हप्ते, त्यांच्याच मुलांच्या शिकवण्या. मधल्या मधे म्हातारी माणसं राहिली.

हे ऐकून मला आपलीच सोसायटी आठवते. आपल्यातले बरेच जण खासगी कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांची ईपीएस पेन्शन किती येते ते ते सांगत नाहीत, पण सरकारने ठरवलेली किमान रक्कम महिना १००० रुपये आहे, एवढं सांगितलं तरी पुरे. पीएफची रक्कम मुलाच्या शिक्षणाला, मुलीच्या लग्नाला गेली. ते चुकलं असं मी कोण म्हणणार? आईबाप तसेच असतात. पण जे उरलंय ते तरी नीट लावूया.

तीनच गोष्टी सांगते.

पहिली, महागाई. ७२ ला महागाईच्या दराने भागा. ६ टक्के धरली तर १२ वर्षांत खर्च दुप्पट. साठीला महिना ३०,००० लागत असतील तर बहात्तरीला ६०,००० आणि चौऱ्याऐंशीला १,२०,०००. त्यामुळे येणारं सगळंच व्याज खर्चून टाकायचं नाही. पहिली काही वर्षं त्यातला थोडा भाग परत बाजूला टाकायचा.

दुसरी, सुरक्षितता. ज्येष्ठ नागरिक बचत योजना २००४ पासून आहे. साठ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी, ३० लाखांपर्यंत, मुदत ५ वर्षं, पुढे वाढवता येते. सध्या व्याज ८.२ टक्के, दर तीन महिन्यांनी खात्यावर. १० लाख ठेवले तर तिमाहीला २०,५०० रुपये. ज्यांची नोकरी अजून बाकी आहे त्यांनी पीपीएफ सोडू नये. १५ वर्षांनी मुदत संपली तरी ५-५ वर्षांनी वाढवता येतं. बँकेत ठेवायचं तर एक आकडा पाठ करा, ५ लाख. एका बँकेतल्या एका ठेवीदाराच्या मुद्दल-व्याज मिळून तेवढ्याच रकमेला ठेव विमा आहे, शाखा कितीही असोत. अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून सगळी पुंजी एकाच लहान बँकेत ठेवणाऱ्यांची झोप कशी उडते, ते आपल्या सी विंगने पाहिलं आहे. नाव घेत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

तिसरी गोष्ट पैशाची नाही, कागदाची आहे, आणि माझ्या मते ती सगळ्यात मोठी. काउंटरवर मी कितीतरी बायका पाहिल्या. नवरा गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी यायच्या, हातात पिशवी, पिशवीत कागद. ‘बघा हो ताई, यातलं काही मिळतं का.’ काही सर्टिफिकिटांची मुदत संपून वर्षं झालेली. काहींवर नॉमिनी म्हणून सासूबाईंचं नाव, आणि त्या जाऊन दहा वर्षं झालेली. नवऱ्याने आयुष्यभर पै-पै जमवली, पण कुठे जमवली ते बायकोला सांगितलं नाही. काळजी वाटू नये म्हणून, म्हणे. मग ती बाई आपल्याच पैशासाठी दारोदार फिरायची.

म्हणून आज घरी गेल्यावर एक वही करा. खाती, ठेवी, विमा, पोस्ट, लॉकर, शेअर सर्टिफिकेट कुठे आहे, नॉमिनी कोण. दोघांनी मिळून बसून लिहा. सोसायटीच्या ऑफिसात फ्लॅटचं नॉमिनेशन भरलंय का बघा. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे लक्षात ठेवा; तो इतर वारसांच्या वतीने सांभाळणारा. मालकी कोणाला हे मृत्युपत्राने ठरतं. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही करून ते होतं, नोंदणी सक्तीची नाही. मृत्युपत्र केल्याने कोणी लवकर मरत नाही, एवढी खात्री मी देते.

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी खजिनदारांनी मला खरं तर उभं केलं असावं.

माणसांसारखंच इमारतीलाही म्हातारपण येतं. आपली इमारत पंचवीस वर्षांची झाली. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं, आणि तिशी ओलांडली की तीन वर्षांतून एकदा. तिच्या म्हातारपणाची पुंजी म्हणजे सिंकिंग फंड. नियम काय, तर जमिनीची किंमत सोडून फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला निदान पाव टक्का. समजा २००० साली एका फ्लॅटचं बांधकाम ४ लाखात झालं. पाव टक्का म्हणजे वर्षाला १,००० रुपये. ४० फ्लॅटचे वर्षाला ४०,०००. पंचवीस वर्षांचे १० लाख, अधिक व्याज. खर्च धरला २००० सालचा आणि दुरुस्ती करायची २०२५ च्या भावाने! पाव टक्का ही किमान रक्कम आहे, सर्वसाधारण सभा ती वाढवू शकते. आपण पंचवीस वर्षांत एकदाही वाढवलेली नाही.

ती कोरियन मुलगी घर सोडताना मला विचारत होती, दुरुस्ती निधीचे पैसे परत कोण देणार? मला आधी कळेना. मग उलगडलं. तिकडे मोठ्या अपार्टमेंटमध्ये पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी दर महिन्याच्या मेंटेनन्समध्येच रक्कम घेतात. राहणारा भाडेकरू ती भरतो आणि घर सोडताना मालक त्याला ती परत करतो, कारण इमारत मालकाची. पुढे लिफ्ट कधी बदलायची, पाइप कधी, रंग कधी, याचा दीर्घ मुदतीचा आराखडा कायद्यानेच करावा लागतो आणि दर तीन वर्षांनी तपासावा लागतो. ज्या देशात म्हाताऱ्या माणसांची सोय करायची राहून गेली, त्याच देशाने इमारतींच्या म्हातारपणाची सोय कायद्यात लिहून ठेवली. आपल्याला दोन्ही जमायला हवं.

मागच्या सभेत मेंटेनन्स ३०० रुपयांनी वाढवायचा ठराव बारगळला. विरोधात बोलले ते बहुतेक पेन्शनवालेच होते. त्यांचं दुखणं मी समजू शकते, मीही पेन्शनवालीच आहे. पण ऐका. ३०० रुपये गुणिले ४० फ्लॅट गुणिले १२ महिने, म्हणजे वर्षाला १,४४,०००. पाच वर्षांत ७,२०,००० आणि वर व्याज. हे नाही केलं तर एके दिवशी नोटीस लागेल, प्रत्येकी पन्नास हजार एका महिन्यात भरा. तेव्हा नोकरीवाले तरुण कर्ज काढून भरतील. कोण भरू शकणार नाही? आपणच. दर महिन्याला ३०० देणं पेन्शनवाल्याला जड जातं, पण एकदम पन्नास हजार देणं अशक्य होतं. म्हणून हा ठराव म्हाताऱ्यांच्या विरोधात नाही, म्हाताऱ्यांसाठी आहे. आणि ज्या दोन-तीन घरांना ३०० सुद्धा खरंच झेपत नाहीत, त्यांची नावं न घेता काय करायचं, ते आपण पंचवीस वर्षांचे शेजारी म्हणून बसून ठरवू. तेवढी माणुसकी या तीन विंगमध्ये नक्की आहे.

तर ठराव पुढच्या सभेत पुन्हा येणार आहे. वहीचं काम आज रात्रीचं. आणि मुळ्याचं बी माझ्याकडे आहे, पुड्या करून ठेवल्यात, जाताना न्या. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलंत तर नोव्हेंबरच्या मध्याला निघतील. त्यानंतरच्या रविवारी सकाळी नऊला गच्चीवर सगळ्यांनी आपापले मुळे, एक विळी आणि एक रिकामी बरणी घेऊन यायचं. तिखट आणि लसूण माझ्याकडून. पुरुषांनीही यायचं, मुळा किसायचा नसून फोडी करायच्या आहेत, तेवढं जमेल.